चिंचिलाचा कान

या पोरांनो, बसा. आजच्या गोष्टीत राजा नाही, राक्षसही नाही. एक प्राणी आहे, वजन जेमतेम अर्धा किलो, आणि त्याचा कान आहे. गोष्ट घडते ती दूर दक्षिण अमेरिकेत. तिथं चिली देशात अँडीज पर्वताच्या उघड्याबोडक्या, खडकाळ उतारांवर हा प्राणी कपारीत राहतो. त्याचं नाव चिंचिला. दिवसभर कपारीत दडून बसायचं, संध्याकाळ झाली की गवत-पाला खायला बाहेर पडायचं. आहे उंदरांच्या कुळातला, पण अंगावरची लव बघाल तर उंदराचं नाव काढणार नाही. आपल्या डोक्यावर एका मुळातून साधारण एक-दोन केस उगवतात, याच्या एकेका मुळातून पन्नास-साठ. अंगाला पाणी लागलं तर ही दाट लव वाळता वाळत नाही. म्हणून चिंचिला पाण्यानं अंघोळ करतच नाही, बारीक धुळीत गडाबडा लोळतो आणि झटकून स्वच्छ होतो. सोहम, तुला हा प्रकार फार आवडेल, मला ठाऊक आहे.

या लवेनंच त्याचा घात केला. युरोप-अमेरिकेतल्या श्रीमंत बायकांच्या कोटांसाठी शिकाऱ्यांनी लाखो चिंचिला मारले. १९१० साली चिली, पेरू, बोलिव्हिया आणि अर्जेंटिना या देशांनी करार करून शिकारीला बंदी घातली, पण तोवर डोंगर जवळजवळ रिकामे झाले होते. चिलीतल्या तांब्याच्या खाणीत मॅथियस चॅपमन नावाचा एक अमेरिकन अभियंता नोकरीला होता. त्यानं माणसं लावून वर्षानुवर्षं शोध घेतला, तेव्हा कुठे अकरा चिंचिला हाती आले. थंड हवेतले जीव एकदम गरम किनाऱ्यावर आणले तर मरतील, म्हणून त्यानं ते सावकाश, टप्प्याटप्प्यानं खाली उतरवले, आणि १९२३ मध्ये बोटीनं कॅलिफोर्नियाला नेले. आज जगात माणसांनी पाळलेले जे चिंचिला आहेत, ते जवळजवळ सगळे या अकरांचे वंशज. चॅपमनच्या मनात लवेचा धंदा होता. त्या पिंजऱ्यांतून पुढे कानाचे डॉक्टर काय काय शिकणार आहेत, याची त्याला काय कल्पना!

"पण आजोबा, कानच का?" सांगतो, सई. आधी आपल्या स्वतःच्या कानात डोकावू.

बाहेर दिसतो तो कान म्हणजे नुसतं दार. आत बोगदा, बोगद्याच्या टोकाला पडदा, आणि पडद्यापलीकडे हवेनं भरलेली एक छोटीशी खोली. हा मधला कान. आवाज पुढे पोचवणारी तीन इवलीशी हाडं याच खोलीत असतात. खोलीतून एक नळी निघते ती नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या बाजूला उघडते. युस्टेशियन नळी तिचं नाव. घाट चढताना कानाला दडा बसतो आणि आवंढा गिळला की सुटतो, तो ही नळी क्षणभर उघडते म्हणून. मोठ्या माणसात ती लांब आणि उतरती असते. लहान बाळात मात्र आखूड आणि जवळजवळ आडवी. म्हणून सर्दी झाली की नाकामागचे जंतू तिच्यातून सहज वर सरकतात, नळी सुजून बंद होते, खोलीत पाणी साठतं, त्याचा पू होतो, पडद्यावर दाब येतो, आणि रात्री दोन वाजता सगळं घर जागं होतं. त्या ठणक्याला तोड नाही. अमेरिकेत तर सहापैकी पाच मुलांना तिसऱ्या वाढदिवसाच्या आत एकदा तरी हा त्रास होतो. त्यामागे बहुतेक वेळा तीन जंतूंपैकी कुणीतरी असतो: न्यूमोकोकस, हिमोफिलस, नाहीतर मोराक्सेला.

आता डॉक्टरांची अडचण बघा. जंतू मारायला अँटिबायोटिक द्यायचं हे ठरलं. पण कुठलं, किती, दिवसातून किती वेळा? आणि लागू पडलं हे ओळखायचं कसं? मूल हसायला-खेळायला लागलं, म्हणजे औषध लागू पडलं असं तुम्ही म्हणाल. इथेच गोची आहे, कारण हा आजार पुष्कळ मुलांमध्ये औषध न घेताही आपोआप बरा होतो. समजा एका औषधानं जंतू खरोखर मरतात आणि दुसरं नुसतं गोड पाणी आहे. बरी झालेली मुलं मोजलीत तर दोन्ही औषधं जवळजवळ सारखीच गुणकारी दिसतील! कॉलिन मर्चंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये हा घोळ आकडेमोड करून दाखवला आणि त्याला नाव दिलं 'पॉलिअ‍ॅना'चं. पॉलिअ‍ॅना ही एका जुन्या अमेरिकन कादंबरीतली मुलगी, तिला जिथं तिथं चांगलंच दिसतं. शास्त्रज्ञसुद्धा कधीकधी मजेशीर नावं ठेवतात, बरं का.

खरी परीक्षा करायची तर औषध देण्याआधी पडद्यातून सुई घालून पाणी काढायचं, चार-पाच दिवसांनी पुन्हा काढायचं, आणि जंतू उरलेत का ते बघायचं. काही ठिकाणी डॉक्टरांनी मुलांवर हे केलंही. पण एकाच बाळाच्या कानात रोज रोज सुई कोण घालू देईल? शिवाय जंतू कानात नेमका कधी शिरला, हे बाळाच्या बाबतीत कळणारच नाही.

म्हणून दुसऱ्या कानाचा शोध सुरू झाला, आणि तो चिंचिलापाशी येऊन थांबला. घरातल्या उंदराचा कान फार चिमुकला, आणि त्याचा रोख उंच पट्टीच्या चिवचिवाटाकडे. चिंचिलाला साधारण आपण ऐकतो ते सगळे आवाज ऐकू येतात. त्याच्या कानाचा पडदा जवळपास माणसाच्या पडद्याएवढा असतो. आणि मधल्या कानाची खोली? ती तर त्याच्या देहाच्या मानानं अवाढव्य. कवटीच्या मागच्या बाजूला हाडाचे दोन पोकळ फुगे असतात, त्यांना बुला म्हणतात. त्या फुग्यांची भिंत इतकी पातळ की बारीक सुई वरूनच आत जाते, पडद्याला धक्काही लागत नाही. आणखी एक गोष्ट फार सोयीची: चिंचिलाचा कान आपणहून सहसा फुटत नाही. म्हणजे कानात जंतू सापडला तर तो आपणच सोडलेला, दुसऱ्या कुणाचा नव्हे.

अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात स्कॉट गीबिंक नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी १९७० च्या दशकात ही पद्धत बसवली, आणि १९७६ मध्ये न्यूमोकोकसवरचा त्यांचा निबंध छापून आला. काम कसं चालतं ते जरा जवळून बघा. चिंचिलाला गुंगीचं औषध देतात. बुलावरची थोडी लव काढून कातडी स्वच्छ पुसतात आणि सुईनं जंतूंचा एक थेंब आत सोडतात. जंतू लाखांनी लागत नाहीत, अगदी मोजके पुरतात. मग कानात दुर्बीण घालून पडदा बघायचा. निरोगी पडदा पातळ आणि चमकदार असतो. आजारी झाला की लाल होतो, मग त्यामागे पिवळट पाणी दिसू लागतं, आणि शेवटी तो बाहेर फुगून येतो. पुन्हा सुई घालून त्यातला थेंबभर पू काढतात आणि रक्त मिसळलेल्या आगरच्या ताटलीवर पसरतात. ताटली रात्रभर उबेला ठेवली की सकाळी तिच्यावर न्यूमोकोकसचे बारीक गोल ठिपके उगवलेले असतात. त्यांच्याभोवती रक्ताचा लाल रंग जाऊन हिरवट कडं येतं, आणि ठिपका जुना झाला की मधोमध बसतो. ठिपके मोजायचे. आज इतके, औषध दिल्यावर उद्या इतके, परवा एकही नाही. बाळाच्या रडण्या-हसण्यात जे लपून राहत होतं, ते ताटलीवर बोटानं मोजता आलं.

सई मघापासून गप्प आहे, आणि ती का गप्प आहे ते मला कळतंय. हो बाळ, त्यांना त्रास होतो. गुंगी आणि वेदनाशामक दिलं तरी आजार तो आजारच. काहींच्या बाबतीत जंतू आतल्या कानात आणि मेंदूपर्यंत पोचतो, आणि ते मरतात. प्रयोग संपल्यावर कानाची आतली त्वचा तपासायची, तर प्राणी मारावाच लागतो. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी याबद्दल तीन गोष्टी सांगितल्या: प्राण्यावाचून काम होत असेल तर प्राणी घेऊच नका, घ्यावाच लागला तर कमीत कमी घ्या, आणि त्याचे हाल कमीत कमी होतील असं बघा. आज नीट चालणाऱ्या प्रयोगशाळांत प्रयोगाआधी या तिन्हींचा हिशेब मागतात. माझं विचाराल तर, ज्या प्रयोगातून नवं काहीच कळणार नाही, तो करणं हे पापच. पण आता पुढे जे सांगतो ते कळायला दुसरी वाट नव्हती, असंही मला वाटतं.

पहिली गोष्ट सर्दीची. "सर्दी झाली की कान दुखतो," हे आपली आजी पूर्वीपासून सांगत आली. गीबिंक यांनी ते तपासून पाहिलं. काही चिंचिलांच्या नाकात नुसता न्यूमोकोकस सोडला, तर पाचातल्या साधारण एकाचाच कान बिघडला. काहींच्या नाकात नुसता फ्लूचा विषाणू सोडला, तर जवळजवळ कुणाचाच बिघडला नाही. पण दोघे जोडीनं सोडले, तर तिघातल्या दोघांचे कान पिकले. विषाणू नळीची आतली त्वचा खरवडून वाट मोकळी करतो आणि जंतू त्या वाटेनं वर चढतो. आजी बरोबर होती. पण फ्लूच्या विषाणूवर अँटिबायोटिकचा काडीचा परिणाम होत नाही, हेही इथेच लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट औषधाच्या मापाची, आणि माझ्या मते साऱ्यांत सुरस हीच. अमेरिकेत हॅरी ईगल नावाचे एक शास्त्रज्ञ होते. १९५० च्या सुमारास उंदीर आणि सशांवर पेनिसिलीन वापरताना त्यांच्या लक्षात आलं की एकदम भरमसाट औषध देऊन फारसं साधत नाही. जंतूला मारायला लागेल तेवढं औषध अंगात किती वेळ टिकून राहतं, त्यावर सगळं ठरतं. डाळ शिजवताना जाळ एकदम भडकवून उपयोग नाही, बेताचा जाळ पुरेसा वेळ राहायला हवा, तसं हे. आता गंमत बघा. उंदराचं शरीर औषध चटकन बाहेर टाकतं, माणसाचं जरा सावकाश. पेनिसिलीनच्याच कुळातलं अमॉक्सिसिलीन घ्या, आपल्या रक्तात ते साधारण तासाभरात निम्मं होतं, उंदरात त्याहून कितीतरी लवकर. म्हणून उंदराच्या एक किलोला लागलेलं माप उचलून बाळाच्या एक किलोला लावता येत नाही. माप बदलतं, पण 'किती वेळ टिकलं' हा नियम मात्र उंदरापासून माणसापर्यंत तसाच राहतो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या विल्यम क्रेग यांनी आयुष्यभर हाच हिशेब मांडला. डेव्हिड अँडिस यांच्याबरोबर १९९६ मध्ये त्यांनी मुलांच्या कानातलं पाणी दोनदा काढून केलेल्या चाचण्या या हिशेबाशी ताडून पाहिल्या. दोन डोसांमधल्या वेळेपैकी निदान चाळीस-पन्नास टक्के वेळ औषध पुरेसं टिकलं, तर दहातल्या आठांहून अधिक मुलांच्या कानातून जंतू जातात, असं दिसलं.

त्याच काळात न्यूमोकोकस बेरकी झाला होता. पेनिसिलीन त्याच्या अंगावर ज्या जागी चिकटतं, ती जागाच त्यानं बदलून टाकली. जर्बिल हा वाळवंटी उंदरासारखा आणखी एक प्राणी, त्याचाही बुला चांगला मोठा असतो. फ्रान्समधल्या संशोधकांनी १९९३ मध्ये जर्बिलच्या कानात असाच बेरकी न्यूमोकोकस सोडला आणि अमॉक्सिसिलीनचं माप वाढवत नेलं, तेव्हा तो हटला. चावी नीट बसत नसली तरी खूप चाव्या टाकल्या की एखादी बसते. अशा सगळ्या पुराव्यांचा मेळ घालून अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २००४ मध्ये मुलांच्या कानासाठी अमॉक्सिसिलीनचं माप वाढवलं. पूर्वी बाळाच्या दर किलो वजनाला दिवसाला ४०-४५ मिलिग्रॅम देत, ते ८०-९० केलं. हिमोफिलसची चलाखी मात्र वेगळी. तो औषधाचा रेणूच मोडून टाकणारं विकर सोडतो, तिथं माप वाढवून काही होत नाही. म्हणून त्या विकराला अडवणारं क्लॅव्ह्युलॅनेट औषधात मिसळतात. कधीकधी डॉक्टर एकच नाव लिहितात, कधी जोडनाव, ते यामुळे.

जाता जाता एक उलटी गोष्ट सांगतो. ज्या पेनिसिलीनच्या कुळातल्या औषधांचं आपण हे कौतुक करतोय, ती तोंडावाटे दिली तर चिंचिलाच्याच जिवावर उठतात! त्याच्या मोठ्या आतड्यात गवत पचवणारे जंतू असतात. औषधानं ते मरतात, वाईट जंतू माजतात आणि त्यांचं विष प्राण्याला मारतं. गिनीपिगचंही तसंच. २५ मे १९४० रोजी ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी यांनी आठ उंदरांना घातक जंतू टोचले आणि त्यांतल्या चौघांना पेनिसिलीन दिलं. औषध न मिळालेले चारही पहाटेपर्यंत मेले, औषध मिळालेले जगले. त्या दिवशी टेबलावर उंदरांऐवजी गिनीपिग असते, तर पेनिसिलीन हे विष आहे असं ठरवून बाटली कपाटात बंद झाली असती. प्राणी माणसाच्या जागी उभा राहतो, पण तो माणूस नसतो. हे विसरणारे शास्त्रज्ञ आपटतात.

तिसरी गोष्ट एका कोड्याची. काही मुलांच्या कानात महिनोन्‌महिने पाणी साठून राहतं, नीट ऐकू येत नाही, शाळेत बाई 'लक्ष नाही' म्हणून रागावतात. हे पाणी ताटलीवर पसरलं तर पुष्कळदा काहीच उगवत नाही. म्हणजे जंतू मेले? मग पाणी का आटत नाही? पिट्सबर्गमधल्या गार्थ अर्लिक आणि ख्रिस्तोफर पोस्ट यांनी चिंचिलाला साक्षीला बोलावलं. त्यांनी आधी त्याच्या कानात उष्णतेनं मारलेले जंतू सोडले. मेलेल्या जंतूंचा डीएनए तीन दिवसांत नाहीसा झाला. मग जिवंत जंतू सोडले आणि अँटिबायोटिक दिलं. ताटलीवर काही उगवेना, पण डीएनए आठवड्यामागून आठवडे सापडतच राहिला. याचा अर्थ जंतू जिवंत होते, फक्त दडून बसले होते. २००२ मध्ये त्यांनी चिंचिलाच्या कानाची आतली त्वचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि दडण्याची जागा सापडली. जंतूंनी आपल्याभोवती चिकट थर विणून त्याखाली वस्ती केली होती. या थराला बायोफिल्म म्हणतात. मोरीच्या जाळीला हात लावल्यावर बुळबुळीत लागतं ना, तेही तेच. या वस्तीतले जंतू सुस्त असतात. अँटिबायोटिक त्यांच्यापर्यंत पोचलं तरी त्यांचं विशेष वाकडं होत नाही, आणि ताटलीवर ते वाढायलाही तयार नसतात. २००६ मध्ये याच मंडळींनी, कानात नळी बसवायला आलेल्या मुलांच्या मधल्या कानातल्या त्वचेच्या ५० इवल्याशा ढलप्या तपासल्या. त्यांतल्या ४६ ढलप्यांवर बायोफिल्म निघाली. आधी चिंचिलात दिसलं, मग मुलांत शोधलं, आणि सापडलं. साठलेल्या पाण्यावर पुन्हा पुन्हा अँटिबायोटिक देण्यापेक्षा पडद्यात बारीक नळी बसवून हवा खेळती करण्याचा सल्ला डॉक्टर देतात, त्याचं एक कारण यात सापडतं.

एवढं सगळं कळल्यावर कुणाच्याही मनात येईल की औषध तोंडानं घेऊन साऱ्या अंगभर फिरवायचं कशाला, थेट कानातच का नाही सोडायचं? अडचण पडद्याची. तो धड असेल तर औषध आरपार जात नाही. २०१६ मध्ये बॉस्टनच्या बाल रुग्णालयातल्या रोंग यांग आणि डॅनियल कोहेन यांच्या गटानं एक जेल तयार केलं. थंड असताना ते पातळ असतं, कानात गेलं की अंगाच्या उबेनं घट्ट होऊन पडद्याला चिकटून बसतं, आणि त्यातली मदतनीस रसायनं सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकला पडद्यापार नेतात. हिमोफिलसनं पिकलेल्या दहा चिंचिलांच्या कानात ते एकदाच सोडलं, आणि दहाही बरे झाले. तेच औषध जेलशिवाय नुसतं सोडलं, तेव्हा आठांपैकी पाच. चिंचिला बरा झाला म्हणजे बाळही होईल असं नाही, हे तुम्हाला आता सांगायला नको. पण आठवडाभर चमच्यानं औषध पाजताना ज्यांनी ते भिंतीवर आणि स्वतःच्या शर्टावर झेललंय, त्या आईबाबांना हे जेल किती गोड वाटेल!

आणि सगळ्यात शहाणपणाचं म्हणजे जंतूला कानात पोचूच न देणं. न्यूमोकोकसविरुद्धची प्रतिद्रव्यं टोचली तर चिंचिलाचा कान बऱ्याच अंशी वाचतो, हे १९८० च्या दशकात दिसलं होतं. पुढे मुलांसाठी लस आली. आपल्या सरकारी लसीकरणात ती २०१७ पासून काही राज्यांत आणि २०२१ पासून देशभर मिळू लागली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं बनवलेली न्यूमोसिलही त्याच सुमारास, डिसेंबर २०२० मध्ये बाजारात आली. ही लस मुख्यतः न्यूमोनियासाठी, पण कानालाही तिचा थोडा आधार मिळतो.

आता सोहम, तू जाऊन तुझ्या आईला बोलाव, कारण पुढचं तिच्यासाठी आहे. फ्रिजमध्ये मागच्या वेळच्या अमॉक्सिसिलीनची अर्धी बाटली उरली असेल तर ती आज फेकून दे, सूनबाई. पाणी घालून ढवळलेलं ते औषध थोडेच दिवस चांगलं राहतं, आणि माप वजनावर असतं, पोरांचं वजन तर वाढलंय. कान ठणकला तर तेल कोमट करून ओतू नकोस, पडदा फाटलेला असला तर ते आत जातं. ठणक्यापुरतं डॉक्टरांनी सांगितलेल्या मापानं पॅरासिटामॉल दे आणि त्यांना पडदा बघू दे. मूल दोन वर्षांपेक्षा मोठं असेल आणि त्रास बेताचा असेल, तर ते कदाचित म्हणतील की दोन-तीन दिवस वाट पाहू. तेव्हा औषध लिहून द्या म्हणून हट्ट धरू नकोस. आणि त्यांनी लिहून दिलंच, तर दोन डोसांमधलं अंतर घड्याळ बघून पाळ.